बार उशिरा उडतो, पण नेमका कुठे? एका फ्लिंटलॉक रायफलीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पेनसिल्व्हेनियात नाताळ उलटला की 26 डिसेंबरला हरणांच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम सुरू होतो. तो फ्लिंटलॉकसाठी राखलेला आहे. फ्लिंटलॉक म्हणजे ठासणीची बंदूक, पण गारेने (गारगोटीच्या दगडाने) पाडलेल्या ठिणगीवर पेटणारी. केपाची, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या टोपीची, ठासणी या हंगामात चालत नाही. 1974 पासून ही प्रथा आहे, आणि तिच्यामुळे काही शतकांपूर्वीचं हे यंत्र या राज्यात आजही नेमाने वापरात आहे. लँकेस्टरच्या परिसरात अठराव्या शतकात जर्मन कारागिरांनी घडवलेली लांब नळीची रायफल इथल्या लोकांच्या अभिमानाची गोष्ट, हेही कारण आहेच.

या प्रकरणातले गृहस्थ मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, आता निवृत्त. ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांना इथे भाऊ म्हणतो. गावी चुलत्यांकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. डुकरं भातात शिरली की तिचा बार निघायचा. ती केपाची. चाप ओढला की बार, मध्ये उसंत नाही. भाऊंच्या डोक्यात ठासणीची बंदूक म्हणजे ती. इथल्या क्लबात त्यांनी जुन्या धाटणीची, हाताने घडवलेली एक रायफल वापरलेल्या स्थितीत विकत घेतली: पॉइंट पन्नास कॅलिबर (नळीचं भोक अर्ध्या इंचाचं), 42 इंची अष्टकोनी नळी, चिंधीत गुंडाळून ठासायची शिशाची गोल गोळी, 60 ग्रेन (साधारण चार ग्रॅम) दारू.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चाप ओढला की घोडा पुढे पडतो. त्याच्या जबड्यातली गार समोरच्या पोलादी झडपेवर, म्हणजे फ्रिझनवर, खरवडत उतरते. ठिणग्या गारेच्या नसतात, पोलादाच्या असतात. खरवडून निघालेले तापलेले कण हवेत पेटतात. त्याच धक्क्याने फ्रिझन उघडते, तिच्याखालच्या पॅनमध्ये ठेवलेल्या बारीक दारूवर, म्हणजे रंजकावर, ठिणग्या पडतात. रंजकाचा भडका नळीच्या कुशीतल्या बारीक भोकातून, कानातून, आत जातो आणि मुख्य दारू पेटते. एवढं सगळं नीट झालं तर ऐकणाऱ्याला एकच आवाज येतो.

अडचण

भाऊंच्या रायफलीचे तीन आवाज यायचे. खट्, मग फुस्स, आणि मग धडाम. कधी फुस्स आणि धडामच्या मध्ये पापणी लवण्याइतका वेळ, कधी चक्क वाट बघावी लागे. सरत्या हंगामात एका हरणावर नेम धरला असताना असंच झालं आणि गोळी हरणाच्या पोटाखालून गेली. हरीण जखमी झालं नाही हे नशीब.

क्लबातल्या बहुतेकांनी निदान तिथल्या तिथे करून टाकलं: लॉक (घोडा-फ्रिझनची ठिणगी पाडणारी यंत्रणा) मंद आहे, चांगल्या कारागिराचं नवं बसवा. नवं लॉक म्हणजे काहीशे डॉलर, शिवाय जुन्या लॉकच्या खाचेत ते जसंच्या तसं बसेल याची खात्री नाही. दस्त्याचं लाकूड कोरावं लागणार.

एका गोष्टीकडे मात्र कोणी फारसं बघितलं नव्हतं. बाकावर वाळूच्या पिशव्यांचा टेकू देऊन झाडलेल्या गोळ्या 50 यार्डांवर एकमेकींना जवळपास चिकटून लागत होत्या. उभं राहून झाडल्या की कागदभर पसरत, आणि बऱ्याचशा डावीकडे खाली. म्हणजे नळी चांगली, गोळी-चिंधीचं माप चांगलं, दारूचं प्रमाण चांगलं. बिघाड वेळेचा होता, आणि त्या वेळेत बंदूक धरणारा माणूस काय करत होता याचा.

आधुनिक बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत चाप सुटल्यापासून काडतुसाची टोपी पेटेपर्यंत साधारण तीन मिलिसेकंद जातात. फ्लिंटलॉकमध्ये, अगदी उत्तम असली तरी, सत्तर-ऐंशी मिलिसेकंद धरून चाला. गोळी नळीतून बाहेर पडायला त्यानंतर चार-पाच मिलिसेकंद लागतात, ती नगण्य. माणसाला अचानक झालेल्या भडक्यावर किंवा आवाजावर प्रतिक्रिया द्यायला साधारण दीडशे ते दोनशे मिलिसेकंद लागतात. हे आकडे शेजारी ठेवले की प्रश्न बदलतो. ऐंशी मिलिसेकंदांत बार उडाला तर भडका बघून दचकायच्या आत गोळी निघून गेलेली असते. दोनशे लागले तर दचकणं आधी, गोळी नंतर. भाऊंना जगातली सर्वांत जलद फ्लिंटलॉक नको होती. त्यांना त्या उंबरठ्याच्या आतली, आणि दर वेळी तेवढाच वेळ घेणारी हवी होती. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथेच आहे. ‘जलद करा’ म्हणून लोक जे जे सुचवत होते त्यात वेगाचा विचार होता, सातत्याचा नव्हता.

आधी करून झालेले उपाय

भाऊंनी सुरुवातीला दुकानात मिळाली म्हणून काळ्या दारूऐवजी पर्यायी दारू वापरली होती. खरी काळी दारू स्फोटकात मोडते, तिच्या साठवणीचे नियम कडक, म्हणून पुष्कळ दुकानं ती ठेवतच नाहीत. पर्यायी दारू पेटायला जास्त तापमान लागतं. केपाच्या बंदुकीत ते निभतं, गारेच्या बंदुकीत नाही. क्लबाने ते आधीच थांबवलं होतं. आता मुख्य दारू 3एफ आणि रंजकाला त्याहून बारीक 4एफ होती (‘एफ’ जितके जास्त तितके दाणे बारीक). गारही बदलून झाली होती. फरक एवढाच पडला की बार अजिबात न उडण्याचे प्रसंग कमी झाले. उशिरा उडणं तसंच राहिलं.

मोजणी

इथे पहिला निर्णय झाला: लॉकवर पैसे घालण्याआधी वेळ कुठे जातो ते बघायचं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. हल्लीचे फोन सेकंदाला 240 चौकटींनी चित्रण करतात, म्हणजे एक चौकट साधारण 4.2 मिलिसेकंदांची. फोन तिपाईवर, रायफलीच्या उजवीकडे लांब, झूम करून. कानातून आगीची पिचकारी बाजूला उडते, त्यामुळे त्या बाजूला माणूस उभा राहणार नाही हे आधी ठरलं. चष्मे सगळ्यांना. बार उडाला नाही तर नळी निशाणाकडेच रोखून पूर्ण मिनिटभर थांबायचं, मगच हात लावायचा.

चित्रणात तीन क्षण स्पष्ट दिसतात: घोडा सुटतो, पॅनमध्ये भडका होतो, नळीच्या तोंडातून धूर येतो. भाऊ संध्याकाळी बसून चौकटी मोजत. घोडा सुटल्यापासून पॅन पेटेपर्यंत बारा-तेरा चौकटी, पन्नासएक मिलिसेकंद. दर बाराला जवळपास तेवढ्याच. पॅन पेटल्यापासून नळीतून धूर येईपर्यंत मात्र कधी वीस चौकटी, कधी तीस, कधी चाळीस.

लॉक निर्दोष सुटलं. उशीर होत होता तो पॅन आणि दारू यांच्या मधल्या वाटेवर.

ही मोजणी झाली नसती तर नवं लॉक आलं असतं, नव्या चकाकत्या ठिणग्या पडल्या असत्या आणि बार तितकाच रेंगाळला असता.

मग एकेक गोष्ट बदलून पाहिली. रंजकाबद्दल जुना सल्ला असा की ते कानापासून दूर, पॅनच्या बाहेरच्या कडेला सारून ठेवावं, म्हणजे भडका आत झेपावतो आणि वात पेटत गेल्यासारखं होत नाही. भाऊ ते धर्माज्ञा असल्यासारखं पाळत, ठासून झाल्यावर रायफल बाहेरच्या बाजूला झुकवून टिचकी मारत. अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी संगणकाला जोडलेल्या उपकरणांनी हे मोजलेलं आहे आणि निष्कर्ष उलटा निघाला आहे: रंजक नळीला भिडून, कानाच्या जवळ असेल तर बार लवकर पेटतो. कान रंजकाने बुजता कामा नये, एवढंच. आमच्या चौकटींतही तोच कल दिसला. 4एफऐवजी रंजकाला 3एफ घातली तर पडणारा फरक 240 चौकटींच्या चित्रणात पकडता येईल इतका मोठा नव्हता. पॅन गच्च भरलं की मात्र आकडे सैरभैर व्हायचे. पॅनचा तिसरा हिस्सा भरेल इतकं रंजक पुरे, असं ठरलं.

मोठा उलगडा झाला तो रंजकात नाही, पुसण्यात.

भाऊ दर बारानंतर ओली चिंधी गजावर लावून नळी पुसत. स्वच्छतेची आवड. चिंधी नळीत घट्ट बसणारी, त्यामुळे पिचकारीच्या दट्ट्यासारखं काम करायची: काजळीचा ओला चिखल पुढे ढकलत थेट तळाशी नेऊन सोडायची. तिथे गोळा झालेला तो राडा कानात शिरत होता आणि पुढच्या वेळी ओतलेल्या दारूचा तळचा थर भिजवत होता. काळ्या दारूची राख मुळातच हवेतलं पाणी ओढून घेते, दमट दिवशी पॅनमध्येसुद्धा तिचं काळं पाणी होतं. पहिला बार जलद आणि नंतरचे रेंगाळणारे, हा चौकटींमधला क्रम त्यामुळे समजला. भाऊंनी जराशी दमट, थोडी सैल चिंधी एकदाच खाली नेऊन वर काढायची, मागून कोरडी फिरवायची आणि तारेने कान मोकळा करायचा, असं सुरू केलं. चाळीस चौकटींचे बार बंद झाले. वीस-पंचवीसचे राहिले.

पर्याय

आता नळी दस्त्यातून सोडवून कान तपासला. 7/8 इंची नळीत पॉइंट पन्नासचं भोक, म्हणजे भिंत 3/16 इंच, साधारण 4.8 मिलिमीटर जाड. तिच्यातून 1.6 मिलिमीटरचं सरळ भोक पाडलेलं. कान म्हणण्यापेक्षा बोगदाच. दारू ओतताना तो दारूने भरतो, आणि मग भडका झेपावत नाही, आग दाणा दाणा पेटवत बोगद्यातून चालत जाते. वाट भरलेली किती, मोकळी किती, यावर दर वेळी वेळ बदलते.

पर्याय असे होते.

कान मोठा करणे. क्लबातले एक वृद्ध कारागीर, आयुष्य यात गेलेलं, म्हणाले, “दोन मिलिमीटरचा ड्रिल घाला, दहा मिनिटांचं काम, कशाला एवढा विचार?” त्यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नव्हतं. मोठ्या भोकातून आग जास्त जाते हे खरंच. पण दाब बाहेर निसटतो, गोळीचा वेग बारागणिक हलतो, आणि पोलाद एकदा कोरलं की परत भरत नाही. बोगद्याची लांबीही तशीच राहते.

आतल्या बाजूने कान शंकूसारखा रुंद करणे. कल्पना उत्तम, पण त्यासाठी नळीचा तळ बंद करणारा ब्रीच प्लग काढावा लागला असता किंवा खास हत्यार आणावं लागलं असतं.

कानात लायनर बसवणे. म्हणजे आट्यांची बारीक नळकांडी, आतून शंकूच्या आकारात पोखरलेली. मुख्य दारू त्या शंकूत उतरते आणि पॅनपासून जेमतेम मिलिमीटरभर धातूच्या अंतरावर येऊन बसते. बोगदा उरतच नाही. भोक झिजलं तर लायनर बदलता येतो, हा मोठा फायदा.

काहीच न करता ठासताना कानात तार घालून ठेवणे आणि ठासून झाल्यावर काढणे, म्हणजे दारूत मोकळी वाट राहते. जुनी युक्ती, फुकटची. भाऊंनी ती करून पाहिली आणि फायदा झाला. पण थंडीत, हातमोज्यांत, झाडावरच्या मचाणावर बसून ते दर वेळी जमेल याचा त्यांना भरवसा नव्हता.

या अडचणी काही आजच्या नाहीत. लंडनच्या हेन्री नॉकने 1787 साली ब्रीचचं, म्हणजे नळीच्या दारू बसते त्या मागच्या भागाचं, पेटंट घेतलं, ते मुख्य दारूला आग लवकर आणि एकदम लागावी म्हणूनच. त्या काळातल्या महागड्या बंदुकांच्या कानांना सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं अस्तर असे, कारण तापलेल्या वायूने पोलादी भोक झिजून मोठं होतं. स्कॉटलंडमधले पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ पॅनचा भडका बघून पक्षी निसटतात म्हणून वैतागले आणि त्यांनी 1807 मध्ये आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं. गारेचा काळ तिथून उतरणीला लागला. भाऊंच्या चुलत्यांची केप त्याच वाटेवरची.

केलं ते

लायनर निवडला. त्याआधी एक गोष्ट तपासणं भाग होतं: लायनरचा व्यास पाव इंच, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना 3.2 मिलिमीटर जागा लागणार. मागच्या बाजूला ब्रीच प्लग आडवा आला तर आटे त्याच्यात घुसतील. गज नळीत तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण केली, मग तोच गज बाहेरून नळीवर ठेवून तळ कुठे येतो ते पाहिलं. कानाचा मध्य प्लगच्या तोंडापुढे साडेतीन मिलिमीटरवर निघाला. जेमतेम, पण बसत होतं. चिखल साठायला प्लगपुढे ती खोबण कशी तयार झाली होती, हेही त्यातून दिसलं.

काम बंदूककाराकडे दिलं. भाऊंकडे ड्रिल प्रेस होता आणि हात शिवशिवत होते, पण दाब सहन करणाऱ्या भिंतीत आटे पाडायचे तर ते पूर्ण आणि सरळ हवेत. (भारतातल्या वाचकांसाठी: तिथे वापरातल्या ठासणीच्या बंदुकीलाही शस्त्र परवाना लागतो, आणि असली कामं परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी लागतात.) भोक 1.6 मिलिमीटरच ठेवून सुरुवात केली आणि नंतर बंदूककाराने ते 1.8 केलं. तिथे थांबलो.

लॉककडेही नजर टाकली. दस्त्यातून लॉक आवळणारा स्क्रू गरजेपेक्षा घट्ट होता. थोडा सैल केल्यावर घोडा हलका पडू लागला. गार चामड्यात नीट धरून तिची धार फ्रिझनला समांतर केली, जेणेकरून पूर्ण रुंदीने खरवड होईल. एकदोन चौकटी वाचल्या असतील. खरा फायदा ठिणग्या दर वेळी पडण्याचा.

निष्पत्ती

पॅन ते धूर आता आठ ते दहा चौकटी. घोडा सुटल्यापासून एकूण वीस-एकवीस, म्हणजे पंच्याऐंशी मिलिसेकंदांच्या आसपास. आवाज एकच येतो. बाकावरचे निकाल होते तसेच राहिले, जे अपेक्षितच होतं.

उभ्याने झाडलेल्या गोळ्या मात्र लगेच सुधारल्या नाहीत, आणि भाऊ खट्टू झाले. “एवढं करून काय उपयोग मग?” तेव्हा एक जुनी परीक्षा घेतली. रायफल दुसऱ्याने तयार करायची, कधी दारू-गोळी ठासून, कधी नुसतं पॅनमध्ये रंजक घालून. भाऊंना सांगायचं नाही. हाताळायची मात्र दर वेळी भरलेली समजूनच. नुसतं रंजक उडालं त्या वेळी चित्रणात नळीचं टोक स्पष्टपणे डावीकडे खाली जाताना दिसलं, आणि तेही पॅन पेटायच्या आधी. महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या बाराने शरीराला सवय लावली होती. ते आता चाप ओढण्याच्या इशाऱ्यावरच दचकत होतं. बंदूक दुरुस्त झाली होती, खांदा नव्हता.

त्यावर उपाय कंटाळवाणा होता. गारेच्या जागी लाकडाचा तुकडा लावून घरी कोरडा सराव, घोडा पडल्यावरही माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) निशाणावर धरून ठेवायची. वसंतापर्यंत 50 यार्डांवर उभ्याने बहुतेक गोळ्या आठ इंची गोलात येऊ लागल्या. हरणासाठी तेवढं पुरतं, त्यापलीकडे भाऊ झाडत नाहीत.

बर्फाळ दिवसांचा प्रश्न सुटलेला नाही. फ्रिझनवर दव धरलं की ठिणगी मरते, मग कान कितीही सुबक असो. पॅनवर चामड्याचं झाकण, रंजक तासाभराने टाकून नवं घालणं, खिशात कोरडं फडकं, हे करावंच लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

चित्रण पहिल्या आठवड्यात व्हायला हवं होतं. त्याआधी तीन प्रकारच्या गारा आणि दोन प्रकारची दारू विकत घेऊन झाली होती, आणि त्यातल्या कशाने काय बदललं हे ‘वाटतं’ या पलीकडे कोणी सांगू शकत नव्हतं.

पुसण्याची पद्धत बदलली त्याच दिवशी भाऊंनी चिंधीला लावायचं तेलही बदललं. दोन्ही एकदम बदलल्यामुळे चाळीस चौकटींचे बार नेमके कशाने थांबले याचं उत्तर तर्काचं आहे. माझा कौल पुसण्याला आहे, पण तो कौलच.

वृद्ध कारागिरांचा दोन मिलिमीटरचा ड्रिल चालला असता का? बहुधा बऱ्यापैकी चालला असता, आणि पैसेही वाचले असते. तरीही भाऊंच्या जागी मी लायनरच घेतला असता, कारण चुकला तर बदलता येतो. हातात जुनी, मूळ अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली रायफल असती तर मात्र उत्तर वेगळं: तिथे ड्रिल नको, लायनर नको, तार वापरायची आणि पुसण्याची सवय सुधारायची.

दचकण्याची परीक्षा शेवटी न घेता सुरुवातीलाच घेतली असती तर कोरडा सराव आणि दुरुस्ती बरोबरीने चालू शकली असती. हंगामाचे काही आठवडे वाचले असते. आणि लायनर बसवल्यावर आता एक नवं काम मागे लागलं आहे: दर हंगामाआधी 1.8 मिलिमीटरच्या ड्रिलचा दांडा कानात घालून बघायचा. तो सैल हलायला लागला की भोक झिजलं, लायनर बदलायची वेळ झाली. भाऊंनी एक जादा लायनर आणून ठेवलाय.